गप्प आणि गहाळ

ज्या धंद्यात काही घडले की त्याची नोंद होते आणि त्या नोंदीवर मजुरी ठरते, त्या धंद्यातील माणसांना, अमुक एक गोष्ट घडली नाही एवढेच दाखल करण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली अशा माणसाचा उद्योग समजावून देणे सोपे नाही. आणि मी राहतो ती वाडी तर घडणाऱ्या गोष्टींचीच वस्ती आहे. नागपुरातून अमरावतीच्या रस्त्याने पश्चिमेस निघून विद्यापीठाचा परिसर मागे टाकला की थोड्याच वेळात गोदामांच्या रांगा लागतात, खडगाव रस्त्याच्या तोंडाशी मालमोटारींची दाटी होते, धरमकाट्यावर वजने होतात, पावत्या फाटतात, आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणीतील माणसे पाळीच्या वेळा घड्याळाला लाजवतील इतक्या चोख पाळीत ये-जा करतात. अशा ठिकाणी शेजारच्या वाहतूकदाराने संध्याकाळी फाटकाशी उभे राहून, “काय प्रोफेसरसाहेब, आज काय केलं तुमच्या यीस्टनं?” असे विचारावे आणि मी, “काही केलं नाही, तेच पाहायचं होतं,” असे उत्तर द्यावे, हा आमच्यातला जुना परिपाठ आहे. त्याला तो विनोद वाटतो. माझ्या दृष्टीने ते माझ्या कसबाचे अगदी शब्दशः वर्णन आहे.

यीस्ट, ज्याला शास्त्रीय मराठीत किण्व म्हणतात, ते कोणाला अपरिचित नाही. पाव त्याच्यामुळे फुगतो, आणि आमच्या विदर्भात भंडारा-गोंदियापासून मेळघाटापर्यंत मोहफुलांचा सडवा लावतात तेव्हा त्या मडक्यातही किण्वाच्याच जाती राबत असतात. परंतु प्रयोगशाळेत त्याला जी प्रतिष्ठा आहे ती मद्यामुळे नव्हे. एका पेशीचा हा जीव, पण त्याच्या पेशीत आपल्या पेशीप्रमाणेच केंद्रक आहे, केंद्रकात सोळा गुणसूत्रे आहेत, त्यांवर सुमारे सहा हजार जनुके आहेत. आणि केंद्रक असलेल्या सर्व जीवांत ज्याची जनुकसंहिता आरंभापासून अखेरपर्यंत प्रथम वाचली गेली तो जीव हाच, साल १९९६. सुमारे एक कोट वीस लक्ष अक्षरांचा तो मजकूर आहे. मजकूर वाचून झाला तेव्हा एक प्रश्न मात्र तसाच उरला, आणि तो त्याच्याही आधीपासून आम्हांला छळत होता: लिहिलेले सगळेच उच्चारले जात नाही, मग कोणते जनुक बोलावयाचे आणि कोणते गप्प बसावयाचे याचा बंदोबस्त कोणाकडे असतो?

या प्रश्नाचे मूळ किण्वाच्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. किण्वाच्या एकेरी पेशी ‘ए’ आणि ‘अल्फा’ अशा दोन प्रकारच्या असतात आणि भिन्न प्रकारच्या दोन पेशींचाच संयोग होतो. पेशीचा प्रकार कोणता, हे ‘मॅट’ या स्थानी जो मजकूर असेल त्यावरून ठरते. गंमत अशी की त्याच गुणसूत्राच्या दोन टोकांकडे, ‘एचएमएल’ आणि ‘एचएमआर’ या दोन स्थानी, अनुक्रमे अल्फाचा आणि एचा असे दोन्ही मजकूर संपूर्ण स्वरूपात असतातच. फक्त त्यांचा अंमल चालत नाही. पेशवे दप्तरातील कागद जसे रुमालात बांधून ठेवलेले असतात, त्यांतील अक्षर न् अक्षर शाबूत असते, गरज पडली तर त्यांची नक्कल काढून चालू कामकाजात ठेवता येते, परंतु रुमालात आहेत तोवर त्यांवरून कोणताही हुकूम सुटत नाही, तशी या दोन स्थानांची अवस्था आहे. किण्वाच्या रानटी वाणात पेशीला आपला प्रकार बदलावयाचा असतो तेव्हा ‘एचओ’ नावाचे विकर मॅटच्या जागी गुणसूत्र कापते आणि या बंद प्रतींपैकी एकीची नक्कल तेथे उतरवली जाते. म्हणजे या गप्प प्रती टाकाऊ नाहीत. त्या राखून ठेवलेल्या आहेत.

त्या राखलेल्या आहेत हे कळले मात्र राखण सुटली तेव्हा. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अमर क्लार यांनी १९७९ साली सिमोर फोगेल व के. मॅक्लाउड यांच्यासह, आणि त्याच वर्षी जॅस्पर राइन, आयरा हर्स्कोविट्झ आदींनी स्वतंत्रपणे, अशा किण्वांचे वर्णन केले की ज्यांत दूरच्या कोठल्यातरी एका जनुकात बिघाड झाल्याबरोबर या दोन्ही बंद प्रती बोलू लागल्या होत्या. एकाच पेशीत ए आणि अल्फा दोन्ही बोलू लागले की तिला आपला संयोग होऊन गेला आहे असे वाटते आणि ती जोडीदाराकडे पाठ फिरवते. ज्या जनुकाला क्लार यांनी ‘मार-१’ म्हटले तेच आज ‘सर-२’ या नावाने ओळखले जाते. पुढे त्याच्या जोडीला सर-१, सर-३ आणि सर-४ ही नावे आली. मला या इतिहासातील मोलाची गोष्ट वाटते ती ही, की शांततेचा पुरावा शांततेत सापडला नाही, ती भंगली तेथे सापडला. आणि आमच्या शाखेतील पुढील सर्व प्रयोगांची रचना याच एका तत्त्वावर उभी राहिली.

हे मौन घडते कसे, याचा तपशील आता बराच स्पष्ट आहे. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि त्या प्रथिनांच्या शेपटांवर ॲसिटिल नावाचे लहानसे रासायनिक गट चिकटलेले असले म्हणजे तो भाग सैल, वाचनास खुला राहतो. सर-२ हे विकर ते गट काढून टाकते. मोकळ्या झालेल्या शेपटांना सर-३ आणि सर-४ येऊन बिलगतात. ते शेजारी आणखी सर-२ ओढून आणतात. आणि असा हा अंमल एका हिस्टोनावरून दुसऱ्यावर पसरत जातो, तो वाटेत एखादी हद्द आडवी येईपर्यंत. एचएमआरच्या एका बाजूला ती हद्द राखण्याचे काम एक टी-आरएनए जनुक करते. लिओनार्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेने २००० साली दाखवले की सर-२ ला या कामासाठी एनएडी हा पदार्थ लागतो. काढलेल्या प्रत्येक ॲसिटिल गटामागे एनएडीचा एक रेणू खर्ची पडतो. एनएडी म्हणजे पेशीच्या ऊर्जा-व्यवहारातील रोजचे चलन. याचा अर्थ, गप्प बसणे ही पेशीच्या लेखी विश्रांती नाही. त्यासाठी तिला क्षणोक्षणी पदरमोड करावी लागते, आणि ती थांबली की मौन संपते.

आता हे डोळ्यांनी पाहावयाचे कसे? येथून आमचे हातकाम सुरू होते. किण्वाला ॲडेनिन बनवण्यासाठी ‘एडीई-२’ नावाचे जनुक लागते. ते नसले आणि पोषकद्रव्यात ॲडेनिन थोडेच घातले, तर त्या रासायनिक साखळीतील एक मधला पदार्थ पेशीत साचतो आणि वसाहत तांबडी होते. जनुक चालू असले तर ती पांढरी राहते. डॅनियल गॉट्शलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली गुणसूत्राच्या टोकाशी, म्हणजे टेलोमिअरलगत, एखादे जनुक नेऊन बसवले तर ते गप्प होते असे दाखवले, आणि तेथे एडीई-२ ठेवले तेव्हा बशीवर जे उगवले ते पाहून, माझ्या मते, कोणीही या विषयाच्या प्रेमात पडावे: प्रत्येक वसाहतीत तांबडे आणि पांढरे पट्टे, मध्यापासून कडेकडे रुंदावत गेलेले. सर्व पेशींचा मजकूर एकच. तरी एकीने मौन धरले ते तिच्या लेकी-नातींनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले, मध्येच एकीने ते मोडले आणि तिच्या वंशात बोलणे चालू झाले. सर-१ नसलेल्या किण्वात एचएम स्थानांबाबतही असाच दुहेरी वारसा चालतो, हे लोरेन पिलस आणि राइन यांनी १९८९ साली दाखवले होते. अक्षर न बदलता स्वभाव बदलतो आणि तो वारशाने उतरतो, ही गोष्ट पुस्तकात वाचणे निराळे आणि बशी उजेडाकडे धरून पाहणे निराळे.

हे पाहण्याची काही पथ्ये आहेत, आणि ती प्रबंधांत फारशी छापली जात नाहीत. तीन दिवसांत वसाहत वाढते, पण तांबडा रंग तेव्हा फिकट असतो. बशी चार दिवस शीतपेटीत ठेवली म्हणजे तो गडद होतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या रंगावरून निकाल देऊ नये. एका बशीवरील वसाहतींचा ठसा दुसऱ्या बशीवर उतरवण्यासाठी मखमल लागते. लेडरबर्ग दांपत्याने १९५२ साली ही युक्ती जीवाणूंवर वापरून प्रसिद्ध केली. विलायती सूचिपत्रांतून त्या चौकोनी मखमली मागवण्याची ऐपत नसली तरी इतवारीच्या कापडबाजारात सुती मखमलीचा तागा मिळतो, तो कापून, धुऊन, प्रत्येक तुकड्यावरची लव एका दिशेने निवडून, ऑटोक्लेव्हमधून काढला की काम निभते. मात्र कृत्रिम धाग्याची मखमल वाफेत आकसते आणि ठसा फिसकटतो. आणि उन्हाळ्यात खोलीतला कूलर लावून बशा उघडू नयेत, कारण त्याच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून वारा जो येतो तो काळ्या-हिरव्या बुरशीचे बीज घेऊन येतो. मे महिन्यातील नागपुरी दुपारी हे पथ्य पाळणाऱ्याला विज्ञाननिष्ठा म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

उष्म्याची गोष्ट निघाली आहे तर तीही सांगितली पाहिजे, कारण आमच्या शास्त्रात तापमान हे एक हत्यार आहे. काही बिघडलेली जनुके अशी असतात की पेशी २५ अंशांवर धड वागते आणि ३७ अंशांवर तोच बिघाड प्रकट होतो. लेलँड हार्टवेल यांनी अशाच वाणांच्या आधारे पेशीचक्राचा उलगडा केला आणि २००१ चे नोबेल त्यांना वाटून मिळाले. विलायती ग्रंथांत ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असे निश्चिंतपणे लिहिलेले असते. वाडीत मे महिन्यात खोलीचे तापमान म्हणजेच बिघाड प्रकट करणारे तापमान, आणि वीज गेली की इन्क्युबेटरला गरम करणे नव्हे तर गार राखणे ही चिंता असते. सर-३ चा असाच एक उष्णताभीरू वाण घेऊन मिलर आणि किम नॅस्मिथ यांनी १९८४ साली जो निष्कर्ष काढला तो मला या विषयातील सर्वांत विचारप्रवर्तक वाटत आला आहे. पेशी तापवताच मौन मोडले. परंतु पुन्हा गार केल्यावर ते लगेच परतले नाही. डीएनएची प्रत काढण्याच्या टप्प्यातून पेशी एकदा पार गेली तेव्हाच ते पुन्हा बसले. मोडण्यास थोडका वेळ पुरतो; बसवण्यास एका फेरीची वाट पाहावी लागते.

परंतु तांबड्या वसाहतीची खरी मेख येथेच आहे, आणि ती ओळखण्यास शिकणे म्हणजे माझ्या मते हे कसब शिकणे. जनुक गप्प असले तरी वसाहत तांबडी. जनुक गेलेच असले, गुणसूत्राचा तुकडा पेशीविभाजनात गहाळ झाला असला, तरीही वसाहत तांबडी. डोळ्याला दोन्ही सारखेच. उलट पक्षी, पांढरी दिसणारी प्रत्येक वसाहतही बोलकी नसते. जिच्यातील तंतुकणिकांची श्वसनशक्ती नष्ट झाली आहे अशी ठेंगू पेशी तांबडा रंग धरतच नाही, आणि तिला ओळखावयाचे तर ग्लिसरॉलवर वाढते का हे तपासावे लागते. गप्प आणि गहाळ यांतील निवाड्यासाठी एक स्वस्त औषध आहे, निकोटिनामाइड, ‘बी’ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार: ते सर-२ ला अडवते. तांबड्या वसाहतीतील पेशी त्यावर पसरल्या आणि पांढऱ्या उगवल्या, तर मजकूर शाबूत होता, केवळ बंद होता. तांबड्याच राहिल्या, तर बहुधा मजकूरच उरलेला नाही.

या दोहोंचा संबंध केवळ फसव्या साम्याचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. तो त्याहून खोल आहे. किण्वाच्या बाराव्या गुणसूत्रावर रायबोसोमच्या आरएनएचे जनुक एकापाठोपाठ एक असे शे-दोनशे वेळा आलेले आहे. इतक्या एकसारख्या प्रती शेजारी असल्या म्हणजे त्या एकमेकींत गुंतून तुटण्याचा, काही गळून पडण्याचा धोका कायमचा. सुसान गॉट्लिब आणि रोशेल एस्पोझिटो यांनी १९८९ साली दाखवले की सर-२ नसले तर ही गळती वाढते. येथे एडीई-२ बसवले तर वसाहत सामान्यतः पांढरी दिसते आणि तिच्यात उमटणारा तांबडा भाग हा खरोखरच गहाळ झालेल्या जनुकाचा असतो. सर-२ काढून टाकलेल्या वाणात असे भाग ठळकपणे वाढतात. याचे कारण पुढे कोबायाशी आणि गॅन्ली यांनी २००५ मध्ये स्पष्ट केले: या प्रतींच्या मधल्या जागेत एक वाचनारंभाचे ठिकाण आहे, सर-२ ते गप्प ठेवते, ते बोलू लागले की त्या वाचनाच्या रेट्याने, नव्या-जुन्या प्रतींना एकत्र बांधून ठेवणारे कोहेसिन हे प्रथिन निखळते आणि प्रती सरकतात. गळालेले तुकडे वर्तुळाकार होऊन आई-पेशीत साचतात, आणि किण्वाच्या वार्धक्याचे ते एक कारण आहे, असे डेव्हिड सिंक्लेअर व ग्वारेंटे यांनी १९९७ मध्ये मांडले. गप्प ठेवणारा गेला की गहाळ होण्यास आरंभ होतो, असा हा हिशेब आहे. त्यात आणखी एक पेच असा, की सर प्रथिनांचा साठा मोजका असतो. सर-४ नसेल तर टेलोमिअरकडचे सर-२ मोकळे होऊन या प्रतींकडे वळते. एका ठिकाणचा बंदोबस्त वाढला की दुसरीकडचा कमी होतो.

दुसऱ्या एका किण्वाने, जे मधोमध दुभंगून वाढते त्या ‘पोंबे’ने, हाच धडा अधिक ठसठशीतपणे शिकवला. त्यात गुणसूत्रे तीनच, पण प्रत्येकाचे सेंट्रोमिअर, म्हणजे विभाजनाच्या वेळी ओढून नेणाऱ्या सूत्रांना धरावयाची जागा, पस्तीस हजारांपासून एक लाख दहा हजार अक्षरांपर्यंत लांब. रॉबिन ऑलशायर यांनी १९९४ मध्ये तेथे रंगाचे जनुक बसवले तेव्हा ते गप्प झाले. आणि पुढच्याच वर्षी दाखवले की ज्या वाणांत हे मौन मोडते, त्यांत विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे मागे रेंगाळतात आणि हरवतात. असे वाण ओळखण्यास आम्ही थायाबेंडाझोल वापरतो. फळे साठवणीत बुरशीने नासू नयेत म्हणून लिंबूवर्गीय फळांवर जगभर जे लावले जाते तेच हे द्रव्य. ते ओढणाऱ्या सूत्रांना कमकुवत करते, आणि मौन गमावलेला वाण त्यावर तग धरत नाही. क्लार यांच्यासह या विषयात शिरलेले शिव ग्रेवाल यांनी रॉबर्ट मार्टिनसेन यांच्या गटाबरोबर २००२ मध्ये दाखवले की हे मौन बसवण्यास त्याच भागातून निघणारे लहान आरएनए लागतात. म्हणजे गप्प राहण्यासाठीसुद्धा त्या भागाला थोडेसे बोलावे लागते. त्या शोधासह लहान आरएनएंच्या संशोधनाला ‘सायन्स’ने त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ शोध म्हटले.

पावाच्या किण्वाचे सेंट्रोमिअर याउलट अवघ्या सव्वाशे अक्षरांचे, आणि त्याला धरणारे सूत्र एकच. त्या एका जोडणीत कोणत्या प्रथिनाचे किती नग असतात हे २००६ मध्ये ज्या निबंधात मोजले गेले त्याचे पहिले लेखक अजित जोगळेकर. मुंबईच्या आयआयटीत संतनुकुमार घोष यांचा गटही याच जोडणीच्या प्रश्नांवर काम करतो. एवढ्या नाजूक आधारावर किण्व सुमारे एक लाख विभाजनांत एखाद्याच वेळी गुणसूत्र गमावते. ही चूक मोजण्याची फिलिप हीटर यांची १९८५ ची युक्ती पुन्हा रंगाचीच: दुहेरी पेशीत जादा गुणसूत्राची एक प्रत असली तर वसाहत गुलाबी, एकही नसली तर तांबडी, दोन असल्या तर पांढरी. पहिल्याच विभाजनात प्रत हरवली तर अर्धी गुलाबी, अर्धी तांबडी वसाहत उगवते; दोन्ही प्रती एकाच लेकीकडे गेल्या तर अर्धी पांढरी, अर्धी तांबडी. चूक झाली एवढेच नव्हे, ती कोणत्या जातीची झाली हेही रंग सांगतो. आणि चूक इतकी विरळा का, याचे उत्तर १९९१ मध्ये ‘मॅड’ आणि ‘बब’ जनुकांनी दिले: एकही गुणसूत्र सूत्राला जोडले जाणे बाकी असेल तर पेशी पुढचे विभाजन रोखून धरते. ही जनुकेही सापडली ती वाट न पाहणाऱ्या, म्हणून मरणाऱ्या वाणांवरूनच.

माणसात सर-२ ची सात भावंडे आहेत, आणि त्यांच्या नावावर दीर्घायुष्याच्या गोळ्या विकणाऱ्यांची जगात कमतरता नाही. किण्वात जे दिसते ते माणसाला लागू करण्याची घाई करावी, असे माझ्या वाचनाने किंवा माझ्या बशांनी मला कधी सुचवलेले नाही. किण्वाकडून मी घेतले ते एवढेच, की स्थैर्य ही आपोआप टिकणारी स्थिती नव्हे, त्यामागे चालू असलेला खर्च असतो, आणि तो थांबल्याशिवाय तो होता हे कळत नाही. म्हणून माझ्याकडे काम शिकण्यास येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक नियम घालून देतो. तांबड्या बशीशेजारी त्याच दिवशी, त्याच पोषकद्रव्यावर, सर-२ काढलेल्या वाणाची पांढरी बशी असलीच पाहिजे, आणि निकोटिनामाइडचीही एक असली पाहिजे. त्या तिन्ही समोर असल्याशिवाय वहीत ‘तांबडी’ एवढेच लिहावे; ‘गप्प’ लिहू नये.